झुल्यात बसणाऱ्याच्या हातात काही द्यावं का? कारंज्याच्या पार्कवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कारंजा लाडजवळ समृद्धीच्या इंटरचेंजपासून थोडं आत तुम्ही घरच्या शेतात झुल्यांचं पार्क टाकताय, आणि विकणाऱ्या कंपनीचा माणूस सांगतो की आता साधे झुले कोणी पाहत नाही, सगळं इंटरॅक्टिव्ह, म्हणजे बसणाऱ्यालाही काही करायला देणारं पाहिजे, बंदूक पाहिजे, स्क्रीन पाहिजे, पॉइंट पाहिजेत, आणि म्हणून बजेटचा मोठा हिस्सा एका शूटिंगवाल्या डार्क राइडमध्ये, म्हणजे अंधाऱ्या शेडमधून गाडी फिरते तशा राइडमध्ये टाका. टाकावा का, आणि मुळात राइडमध्ये बसणाऱ्याला काही करायला द्यावं का, हे तुम्हाला पाहिजे. मी यात्रेतल्या झुल्यांच्या वेल्डिंगपासून सुरुवात केली, मग मोठ्या पार्कात मेंटेनन्सला होतो, आता विदर्भातल्या लहान पार्कांचं इन्स्टॉलेशन आणि सर्व्हिसिंग करतो, तर हातानं काम करून जे समजलं ते लिहितो. थोडं लांबेल, पण पैसा तुमचा आहे आणि शेतावर कर्ज काढून येणार आहे, म्हणून घाईत उत्तर देत नाही.

आधी माझं मत सांगून टाकतो. हातात जरूर द्या, पण हात हलवला की झुला हलला पाहिजे, वर गेला पाहिजे, गरकन फिरला पाहिजे, पाणी उडालं पाहिजे. कुठंतरी कोपऱ्यात आकडा वाढला, एवढ्यासाठी नको. आणि ज्यानं हातच लावला नाही, नुसता बसून राहिला, त्याचेही पैसे पूर्ण वसूल झाले पाहिजेत. हे दोन्ही जिथं जमतं तिथं बिनधास्त करा, जिथं जमत नाही तिथं राइड आहे तशी राहू द्या.

हे काही नवीन नाही. डिस्नीलँड 1955 साली उघडलं तेव्हापासून तिथं चहाच्या कपांचा झुला आहे, मधलं चाक धरून ओढलं की तुमचा कप गरगर फिरतो, नाही ओढलं तर आपला निवांत जातो. त्यात ना वायर ना सेन्सर, मधलं चाक खालच्या दांड्याला पक्कं असतं, तुम्ही चाक ओढता आणि बेरिंगवर बसलेला कप तुमच्यासकट फिरतो, बस. आपल्याकडे डॅशिंग कार तेच करते, स्टेअरिंग हातात आलं की पोट्ट्यांना दुसरं काहीच लागत नाही. तिसरा नमुना लिव्हरवाल्या विमानांचा, दांडी ओढली की आपलं विमान वर, ढकलली की खाली.

या विमानांजवळ एखाद्या रविवारी अर्धा तास उभे राहा, इंटरॅक्टिव्हचा सगळा धडा तिथं मिळतो. एका विमानात आजी आणि नातू. नातू दांडी छातीपर्यंत ओढून विमान पार वर नेतो, आजी एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं बार धरून म्हणते, खाली घे न बाप्पा, मले गरगर येते. तो खाली घेतो, आजी हसते, तो पुन्हा वर नेतो. दोन मिनिटांची राइड, पण पोरानं आजीला वर नेलं आणि आजीच्या सांगण्यावरून खाली आणलं, दोघांनी मिळून काहीतरी केलं. मागच्या विमानातला गडी दांडीला हातही लावत नाही, त्याचं विमान मधल्या उंचीवर नुसतं फिरतं, तोही खूश. आणि शेवटी ऑपरेटर बटण दाबतो तेव्हा सगळ्यांच्या दांड्या बंद होतात आणि सगळी विमानं आपोआप खाली येतात. म्हणजे कोणाच्या हातात किती द्यायचं आणि कधी काढून घ्यायचं हे मशीनच ठरवतं. पाहुण्याला वाटतं मी चालवतोय, आणि त्याची मर्यादा विमान उचलणाऱ्या सिलिंडरच्या लांबीनं बांधलेली आहे. मी जे जे इंटरॅक्टिव्ह पाहतो ते या विमानाशी ताडून पाहतो.

आता बंदुकीच्या राइडकडे येतो. अमेरिकेत फ्लोरिडात डिस्नीनं 1998 ला टॉय स्टोरी सिनेमातल्या बझ लाइटइयरच्या नावाची राइड काढली, गाडीवर लेझरची बंदूक आणि गाडी फिरवायला जॉयस्टिक. 2000 ला युनिव्हर्सलनं तशीच एलियन मारायची काढली, 2008 ला डिस्नीची मिडवे मेनिया आली, दोरी ओढून स्क्रीनवर मारायचं, डोळ्यांवर थ्रीडी चष्मा. आपल्या खोपोलीजवळच्या इमॅजिकातही अलिबाबाच्या गोष्टीवर नेम धरायची राइड केली. हे सगळं चाललं, कारण या राइड मुळात संथ आहेत. गाडी हळूहळू जाते, अंगाला झटका नाही, पोटात गोळा नाही, मग हाताला काम दिलं की वेळ भरतो. तिथंही मोठ्या रोलर कोस्टरवर सहसा बंदूक देत नाहीत. कोस्टरमध्ये, कोलंबसच्या मोठ्या नावेत, गरगर फिरणाऱ्या ब्रेक डान्समध्ये माणूस स्वतःला सोडून देण्यासाठी बसतो, तिथं त्याला बटण दाबायला लावलं तर ना धड घाबरता येतं ना धड खेळता येतं. तेव्हा तुमच्या यादीत ज्या जोरदार राइड आहेत त्यांना काहीही जोडू नका, विक्रेता फुकट देतो म्हणाला तरी नका.

दुसरं, एकाच्या हातात दिलं की बाकीच्यांचं काय होतं ते पाहा. डिस्नीनं 2019 ला स्टार वॉर्स सिनेमातल्या मिलेनियम फाल्कन यानाचं सिम्युलेटर काढलं, सहा जण एकत्र बसतात, दोन पायलट, दोन गनर, दोन इंजिनिअर. डावा पायलट डावं-उजवं करतो, उजवा वर-खाली करतो, आणि पार मागं बसलेल्या इंजिनिअरला बाजूच्या भिंतीवर पेटलेली बटणं दाबायची असतात. पुढच्या दोघांची मजा वेगळी आणि मागच्यांची वेगळी, तिकीट मात्र सारखं. आपल्याकडे तर एका ट्रॅक्सभर कुटुंब येतं, काका-काकू, मावशी, कडेवर लेकरू, त्यातल्या एका चुणचुणीत पोट्ट्याच्या हाती सगळं जातं आणि बाकीचे त्याच्या चुकांचे धक्के खातात. मळमळीचंही तेच आहे, जो चालवतो त्याला कमी होते कारण आता काय होणार हे त्याच्या शरीराला आधी कळतं, शेजारच्याला जास्त होते. आणि स्क्रीनवर एक हलतंय, गाडी दुसरीकडेच फिरतेय, असं झालं की डोळे एक सांगतात आणि तोल सांभाळणारा आतला कान दुसरंच. पोटभर जेवण करून आलेली माणसं दुपारी दोन वाजता या राइडमध्ये बसवली तर साफसफाईला वेगळा माणूस लागेल, हे मी गंभीरपणे सांगतो.

तिसरं म्हणजे मेंटेनन्स, आणि हे विकणारा कधीच सांगत नाही. साध्या झुल्याचे दोन लाइट गेले तर कोणाला कळत नाही. इंटरॅक्टिव्ह राइडमध्ये गाडीतल्या दोनपैकी एक बंदूक मेली की त्या सीटवरच्या माणसाची राइडच मेली. डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या सहली येतात, एसटी भरून पोरं उतरतात, हजार हात त्या बंदुकीला लागतात, वायर ओढली जाते, ट्रिगरची स्प्रिंग जाते. वरून आपल्याकडची धूळ, मे महिन्यात 45 च्या वरचा पारा, दिवसातून चार वेळा वर-खाली होणारं व्होल्टेज, आणि केबल कुरतडणारे उंदीर. प्रोजेक्टरला थंड आणि बिनधुळीची खोली लागते, म्हणजे एसी दिवसभर चालू, लाइट गेली की जनरेटरवर. बंदुकीचं सर्किट कार्ड गेलं तर ते परदेशातून किंवा मोठ्या शहरातून येईपर्यंत तुमची सहलींची वेळ निघून जाते.

यात पैशापेक्षा मला जे जास्त लागतं ते सांगतो. शहरातलं पोरगं बंदूक चालली नाही तर ओरडून सांगतं, काका ही खराब आहे, दुसरी द्या. खेड्यातलं पोरगं पहिल्यांदा पार्कात आलेलं असतं, ते काहीच बोलत नाही. शेजारच्याचे पॉइंट वाढताना पाहतं, स्वतःचा शून्य पाहतं आणि गुपचूप उतरतं, त्याला वाटतं मलाच जमलं नाही. तिसरीतली एक पोरगी अशी उतरून मैत्रिणीला म्हणताना ऐकली आहे, मले नाही येत हे. बंदुकीचं कनेक्टर ढिलं होतं. पॉइंटवाल्या राइडला माझा जो विरोध आहे तो इथून येतो. ज्या लेकराच्या बापानं कापसाच्या पैशातून तिकीट काढलं त्याला आपण शून्य दाखवून घरी पाठवू नये.

मग करावं काय. टोकियोच्या डिस्नीलँडमध्ये 2009 पासून एक राइड आहे, त्यात बसणाऱ्याला बंदूक नसते, टॉर्च असते. अंधारात लपलेल्या राक्षसांवर टॉर्च मारली की ते बाहेर येतात, हसतात, काही ना काही करतात. पॉइंटच नाहीत, हरणं-जिंकणं नाही. मला विचाराल तर लहान पार्कासाठी याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, आणि आपल्या भागात तर याला जन्मजात विषय आहे. तुमच्या बाजूलाच कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य, इकडच्या प्रत्येक घरातला कोणी ना कोणी रात्री शेत राखायला जागलीला गेलेला, माळ्यावर बसून टॉर्च फिरवून रोही (नीलगाय) आणि डुक्कर हाकललेले. तीच राइड करा. हळू चालणारी गाडी, दोन्ही बाजूला रात्रीचं तुरीचं आणि ज्वारीचं शेत, टॉर्च फिरवली की कुठं डुकराची दोन पिल्लं पळतात, कुठं रोही मान वर करतो, कुठं तडसाचे डोळे चमकतात, कुठं माळ्यावरचा म्हातारा होऽऽ करून आवाज देतो. कोणी टॉर्च मारलीच नाही तरी गाडी पुढं जाते आणि काही प्राणी स्वतःच्या टायमरवर हलतात. पुण्या-मुंबईची पोरं मामाच्या गावी येतात त्यांना हे नवीन, आणि गावच्या आज्याला स्वतःचं, तो नातवाला सांगेल की तिकडं मार, तिकडं धुऱ्याजवळ डुक्कर बसते.

आणि हे बनवायला अवघड नाही. प्रत्येक आकृतीमागं कारच्या वायपरची 12 व्होल्टची मोटर, तीच जी गणपतीच्या देखाव्यात लावतात, एक उजेड ओळखणारा एलडीआर सेन्सर, मोटर चालू-बंद करणारा एक रिले आणि टायमर. एलडीआर उघडा लावायचा नाही, काळ्या पाईपच्या बोटभर तुकड्यात आत बसवायचा, म्हणजे शेजारच्या टॉर्चच्या पसरट उजेडानं चालू होत नाही, नेमका समोरून पडला तरच होतो. पाईप जितका लांब तितका नेम अवघड, लहान पोरांसाठी आखूड ठेवा. चार-पाच सेकंद हलून आकृती परत जागेवर आली पाहिजे, नाहीतर मागच्या गाडीला ती आधीच उठलेली दिसते. टॉर्च गाडीला पक्की बसवा, मान फिरेल पण समोरच्यांच्या डोळ्यात जाणार नाही इतकाच स्टॉपर द्या, वायर लोखंडी फ्लेक्सिबल पाईपमधून न्या. एखादी आकृती बंद पडली तर बाकीच्या चालू असतात, कोणाचा अपमान होत नाही, आणि गावातला इलेक्ट्रिशियन संध्याकाळी ती दुरुस्त करतो. फक्त एक, आतमध्ये खरा कडबा, तुराट्या, पऱ्हाट्या लावायचा मोह होईल, अजिबात लावू नका. बंद अंधारी जागा, आत वायरिंग आणि वाळलेलं पीक, आग लागली तर लोकांना बाहेर काढता येणार नाही. पेट न घेणारं मटेरियल वापरा, इमर्जन्सी लाइट आणि दोन्ही बाजूंनी बाहेर पडायची दारं पहिल्या दिवसापासून पाहिजेत, आणि लाइट गेली की गाडी ढकलून बाहेर काढायची सवय हेल्परला करून ठेवा.

पाण्याचंही असंच. तुमच्याकडे विहीर आहे म्हणता, तर मोठ्या स्लाइडआधी लहान पोरांची पाण्याची जागा करा, जिथं हापशी मारली की वरच्या बादलीत पाणी चढतं आणि भरली की धाडकन खाली ओतते, व्हॉल्व फिरवला की दुसऱ्याच्या डोक्यावर फवारा उडतो. हापशी मारायला चार पोरं आपोआप एकत्र येतात, ओळख नसलेली. आमच्या धंद्यातला सगळ्यात मजबूत इंटरॅक्टिव्ह पार्ट म्हणजे हापशीचा दांडा, तो मोडत नाही. पाणी मात्र फिल्टरमधून फिरवून वापरा, एप्रिलमध्ये विहीर खाली गेली की गावात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यावर येईल, आणि ते बरोबरच असेल.

आता ऑपरेटरबद्दल, कारण खरी देवाणघेवाण तिथंच होते. बहिरमच्या यात्रेत किंवा चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेत तुम्ही मौत का कुआं पाहिला असेलच. मोटरसायकलवाला भिंतीवरून गोल फिरत वर येतो आणि काठावर वाकलेल्या माणसाच्या हातातली दहाची नोट पळत्या गाडीवरून उचलतो. ती नोट धरणाऱ्याचा चेहरा पाहा, त्याला बाकी खेळापेक्षा तो एक क्षण घरी जाऊन सांगायचा असतो. तो जीवावरचा खेळ तुम्ही करू नका, मी त्याच्या बाजूचा नाही, पण त्यातून एक घ्या, माणसाला कोणीतरी आपल्याकडे पाहिलं हे पाहिजे असतं. तुमचा ऑपरेटर गेट लावताना कोण्या गावचे म्हणून विचारेल, आज मंगरूळपीरवाले पहिल्या गाडीत बसले म्हणून माइकवर सांगेल, तर बिनाखर्चात राइडची मजा दुप्पट होते. चांगला बोलणारा पोरगा शोधा, झाडीपट्टीच्या नाटकात लहानमोठं काम केलेला मिळाला तर उत्तमच, आणि त्याला पगार नीट द्या.

पण ऑपरेटरचं एक वेड आहे ते पहिल्या दिवशीच बंद करा. यात्रेत ब्रेक डान्सवाला ओरडतो, और तेज चाहिए क्या, लोक हो म्हणतात आणि तो नॉब वाढवतो, वेळही वाढवतो. लोकांना विचारून स्पीड वाढवणं हा प्रकार पार्कात चालू द्यायचा नाही. स्पीड आणि वेळ मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमध्ये सेट करून पासवर्ड लावा, पासवर्ड ऑपरेटरकडे नको. पाहुण्याच्या हातात स्पीड, ब्रेक आणि लॅप बारचं, म्हणजे मांडीवरच्या दांड्याचं लॉक या तीन गोष्टींपैकी एकही कधी जाऊ नये, मग राइड कितीही इंटरॅक्टिव्ह असो.

रांगेचंही थोडं सांगतो. उन्हात उभं राहून चिडलेला माणूस आत जाऊन हात हलवत नाही, तो फक्त बसतो. फ्लोरिडातल्या डिस्नीनं 2012 मध्ये डंबो हत्तीच्या झुल्याला रांगेऐवजी पेजर दिले, आईबाप सावलीत बसायचे, पोरं तंबूत खेळायची, पेजर वाजला की झुल्यावर जायची. तुमच्याकडे पेजरची गरज नाही, नंबरचं टोकन आणि माइकवर पुकारा पुरे, बाकी सावली, माठ, आणि पोरांना चढायला-घसरायला काहीतरी. इंटरॅक्टिव्हचे पैसे राइडपेक्षा इथं आधी टाका.

आणि सूचना मराठीत, तोंडी आणि करून दाखवून. बोर्ड कोणी वाचत नाही, म्हातारी माणसं तर नाहीच. मिडवे मेनियात आधी एक सरावाची फेरी देतात, ती फार शहाणपणाची गोष्ट आहे. जागलीच्या राइडमध्येही सुरुवातीला दोन हातांवर एक मोठं, न चुकणारं डुक्कर ठेवा, टॉर्च तिकडं गेलीच पाहिजे असं, म्हणजे पहिल्या दहा सेकंदात समजतं की माझ्या उजेडानं हे हललं. त्यानंतर काही सांगावं लागत नाही.

म्हणून तुमच्या बजेटचं असं करा. डॅशिंग कार आणि लिव्हरवाली विमानं पहिल्या टप्प्यात घ्या, त्यांच्याशिवाय शाळा येणार नाहीत. कोलंबस घ्या, तो आहे तसाच. पाण्याची पोरांची जागा आणि सावली. जागलीची राइड दुसऱ्या वर्षी, शेड आत्ताच मोठं बांधून ठेवा. स्क्रीन-बंदुकीची राइड नको. आणि तरी घरच्यांनी तीच घ्यायची ठरवली, तर विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या, की दर दहा बंदुकांमागं दोन स्पेअर कार्डासकट सोबत येतील, बिघाड झाला तर किती तासात माणूस कारंज्याला पोहोचेल, आणि बंदुकीची यंत्रणा बंद असतानाही गाडी आणि देखावा साध्या राइडसारखा चालवता येईल. तिसऱ्या गोष्टीला तो आढेवेढे घेईल. घेऊ द्या, तिथं अडून बसा, आणि अ‍ॅडव्हान्सचा चेक पोळ्याच्या आत देऊ नका, कारण पाऊस सुरू असेपर्यंत फाउंडेशन होत नाही आणि तुमचा पैसा उगाच त्याच्याकडे पडून राहतो.